मेहेर, पेन्शन आणि पंधराशे रुपये

(डिसेंबर २०२५ मध्ये सोलापुरात झालेल्या युवा मेळाव्यातील भाषणाचे संपादित शब्दांकन)



आयोजकांनी मला ‘महागाई आणि सरकार’ हा विषय दिला, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी अर्थतज्ज्ञ नाही. याच शहरात वाढलो, इथेच इंजिनिअरिंग केलं आणि आता पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. त्यावर आयोजक म्हणाले, ‘‘तुम्हाला हिशोब येतो ना? मग या.’’ म्हणून आलोय. आज मी फक्त हिशोबच करणार आहे.

यायला तयार झालो त्याला आणखी एक कारण आहे. आपल्यासारख्या तरुणांना कुणी बोलायला बोलावतं तेव्हा विषय बहुतेक वेळा ठरलेला असतो. हिजाब, तलाक, भोंगा, वक्फ. त्या विषयांवर बोललंच पाहिजे. पण तेलाचा डबा, घरभाडं, सिलिंडर, पोराची फी, आजीची औषधं, हे विषयसुद्धा आपलेच आहेत. त्यावर आपण नागरिक म्हणून बोललो नाही, तर आपल्या वतीनं दुसरंच कुणी बोलतं आणि आपल्या घरचा हिशोब त्यात नसतो.

सुरुवात माझ्या खालापासून करतो. तिची परवानगी घेतली आहे.

खालाचं लग्न १९८४ साली झालं. निकाहनाम्यात मेहेर लिहिला होता एक हजार एकशे पंचवीस रुपये, उधार. त्या वेळी तेवढ्या पैशात अर्ध्या तोळ्याहून जास्त सोनं येत होतं. फार मोठी रक्कम नव्हती, पण बाईच्या हातात काहीतरी राहील इतकी होती. २००५ साली तिला तलाक मिळाला. चार माणसं बसली. नवऱ्याकडच्यांनी निकाहनामा काढला, रक्कम वाचली आणि अकराशे पंचवीस रुपये मोजून दिले. कुणीतरी म्हणालं, ‘‘हक अदा हो गया.’’ त्या दिवशी त्या पैशात दोन ग्रॅम सोनंही येत नव्हतं.

मी तेव्हा शाळेत होतो. मला तेव्हा वाटलं, खालाला फसवलं. पण नक्की कसं फसवलं, हे मला सांगता येईना. कागदावर जो आकडा होता तोच दिला होता. एक रुपयाही कमी नव्हता. मग गेलं काय? रुपये तेवढेच राहिले, पण एकवीस वर्षांत त्यांची किंमत गेली.

आज आपण ज्याला महागाईवरचं राजकारण म्हणतो, त्यातला मोठा भाग मला खालाच्या मेहेरसारखा दिसतो. आकडा दिला जातो, फोटो काढला जातो, हक अदा झाल्याचं जाहीर होतं. त्या आकड्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही.

आधी एक गोंधळ दूर करू. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई ०.२५ टक्के नोंदली गेली. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून जी आकडेवारी निघत होती, तिच्यातला हा सर्वांत कमी आकडा. सरकार पक्षाचे लोक म्हणाले, महागाई संपली. विरोधक म्हणाले, आकडे खोटे आहेत, बाजारात जाऊन बघा. घराघरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हेच भांडण चालू होतं, तुमच्याही असेल.

माझ्या मते आकडा खोटा नाही, त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. महागाईचा दर म्हणजे वेग. समजा तुम्ही सोलापूरहून एसटीनं पुण्याला निघालात. टेंभुर्णीजवळ गर्दीमुळे गाडी अगदी मुंगीच्या गतीनं चालू लागली. वेग कमी झाला म्हणून तुम्ही सोलापूरला परत आलात का? नाही. जितकं अंतर कापलं ते कापलंच. २०१२ साली ज्या वस्तूंची किंमत १०० धरली, त्या वस्तूंची किंमत ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १९७ होती. वेग कमी झाला, पण आपण १९७ वर उभे होतो. ०.२५ टक्के हे खरं आहे आणि अम्मीचं ‘‘काहीच स्वस्त झालं नाही’’ हेही जवळपास खरं आहे. जवळपास म्हणतो, कारण भाज्या आणि डाळी गेल्या वर्षीपेक्षा खरोखर उतरल्या होत्या. आपल्या बाजूचं नसलं तरी जे खरं आहे ते मान्य करायला हवं. पण हेही लक्षात ठेवा, की ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्नपदार्थांची महागाई पावणेअकरा टक्क्यांच्या वर होती. इतक्या उंचीवरून मोजलं की पुढचं वर्ष आपोआप बरं दिसतं.

आता सरकारं काय करतात ते पाहू. कुठल्याही पक्षाचं सरकार असो, उपाय साधारण दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे वस्तूची किंमत दाबणं. दुसरा म्हणजे माणसाच्या हातात पैसे देणं.

किंमत दाबण्याचं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. कांदा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये, लोकसभेचं मतदान चालू असताना उठवली, तीही शुल्क ठेवून. शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला. शहरातल्या माणसाला कांदा स्वस्त मिळावा हा हेतू चुकीचा म्हणता येणार नाही. पण ती स्वस्ताई सरकारच्या तिजोरीतून आली नाही. ती नाशिक, अहिल्यानगर आणि आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या खिशातून आली. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की दिलासा मिळाला, पण त्याचे पैसे कुणी भरले?

दुसरं उदाहरण सिलिंडरचं. ऑगस्ट २०२३ च्या शेवटी घरगुती सिलिंडर २०० रुपयांनी स्वस्त झाला. ८ मार्च २०२४ ला आणखी १०० रुपयांनी. आठवडाभरात लोकसभा निवडणूक जाहीर झाली. निवडणूक झाल्यावर, एप्रिल २०२५ मध्ये, ५० रुपयांनी वाढला. या तारखा तुम्ही शेजारी शेजारी लिहून बघा. मी निष्कर्ष सांगत नाही.

आता पैसे हातात देण्याकडे येऊ. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र सरकारनं ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर केली. महिना १,५०० रुपये. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीनं २,१०० रुपये करू असं सांगितलं, महाविकास आघाडीनं ३,००० देऊ असं सांगितलं. त्याआधी २०२२ मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली होती. दोनच वर्षांत महाराष्ट्रात सगळ्यांनीच एकमेकांपेक्षा मोठं ताट वाढायला घेतलं. निवडणूक होऊन वर्ष उलटलं, रक्कम आज १,५०० च आहे.

माझ्या खालाला ते १,५०० रुपये मिळतात. ती घरी फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवते. मी तिला एकदा पुण्याच्या थाटात समजावत होतो, की खाला, ही निवडणुकीची युक्ती आहे. तिनं मशीन थांबवली आणि म्हणाली, ‘‘बेटा, मेरेकू पंद्रासौ बुरे नई लगते. तेरेकू टॅक्स माफ हुआ तो तू बोला क्या, मेरेकू नको?’’

मला उत्तर देता आलं नाही. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं. त्यापायी सरकारनं सुमारे एक लाख कोटींचा महसूल सोडला. त्याला कुणी रेवडी म्हटलं नाही. ‘मध्यमवर्गाला दिलासा’ म्हटलं. त्यामुळे बाईला दरमहा मिळणाऱ्या १,५०० रुपयांना फुकटचे म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. तुम्हीही राहू नका.

माझी तक्रार वेगळी आहे. ती समजावी म्हणून माझ्या नोकरीतली एक फजिती सांगतो.

मी आधी ज्या कंपनीत होतो, तिथे दुकानांसाठी बिलं बनवणारं सॉफ्टवेअर करायचो. घाईघाईत मी व्हॅटचा दर थेट कोडमध्ये लिहून टाकला होता. एका ठिकाणी नाही, बऱ्याच ठिकाणी. आमच्या भाषेत याला हार्डकोड करणं म्हणतात. योग्य पद्धत अशी की दर एका तक्त्यात ठेवायचा आणि कोडनं तो तिथून वाचायचा. तक्ता बदलला की सगळीकडे आपोआप बदल होतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि माझी बिलं चुकायला लागली. दोन रात्री ऑफिसात बसून एकेक आकडा शोधून बदलला. साहेब फक्त एवढंच म्हणाले, ‘‘जे बदलणार हे माहीत आहे, ते दगडावर कोरू नये.’’

किंमती बदलणार, हे सरकारला माहीत आहे. मग कुणाचा आकडा तक्त्याला जोडलाय आणि कुणाचा दगडावर कोरलाय, ते पाहू.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला आहे. जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा त्याचा हिशोब होतो. जुलै २०२५ पासून तो मूळ वेतनाच्या ५८ टक्के झाला. याचा अर्थ काय? सातवा वेतन आयोग २०१६ पासून लागू झाला. तेव्हापासून जगणं सुमारे ५८ टक्क्यांनी महागलं, हे सरकार स्वतःच्याच हिशोबात मान्य करतं. कर्मचाऱ्यांना हा भत्ता मिळतो त्याचा मला आनंद आहे, तो संघटित होऊन मिळवलेला हक्क आहे. कोरोनाकाळात तो दीड वर्ष गोठवला, तेव्हा देशभर आवाज उठला.

आता माझ्या अब्बांकडे या. अब्बांनी सूतगिरणीत अठ्ठावीस वर्षं काम केलं. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतून त्यांना महिना १,००० रुपये मिळतात. हे किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये ठरलं. तेव्हा निर्देशांक १२० च्या आसपास होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १९७. म्हणजे अब्बांच्या हातात आज जे हजार रुपये पडतात, त्यांची किंमत २०१४ च्या हिशोबानं सहाशेच्या आसपास आहे. चारशे रुपये कापून घेतले, पण कुणी कापले म्हणता येत नाही. आदेश निघाला नाही. सुदैवानं माझा पगार आहे, म्हणून अब्बांच्या रक्तदाबाच्या गोळ्या थांबत नाहीत. सूतगिरणीतल्या त्यांच्या सोबत्यांच्या सगळ्यांच्याच घरी इंजिनिअर नाही.

याहून वाईट उदाहरण आहे. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांसाठी केंद्राची पेन्शन योजना आहे. ६० ते ७९ वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना २०० रुपये. तो २००७ पासून २०० च आहे. तेव्हापासून किंमती सुमारे तिप्पट झाल्या. महाराष्ट्र सरकार स्वतःची भर घालतं म्हणून आपल्याकडच्या निराधारांना २०२३ पासून १,५०० मिळतात, हे बरं झालं. पण केंद्राचे २०० रुपये आता सत्तर रुपयांच्याही मोलाचे राहिले नाहीत.

हेच उत्पन्न मर्यादांचं. आपल्यातले अत्तार, बागवान, तांबोळी, मोमीन अशा ओबीसी घरांतली मुलं इथे बसली असतील. तुमची नॉन-क्रिमीलेयरची मर्यादा आठ लाख आहे. ती २०१७ मध्ये ठरली. दर तीन वर्षांनी फेरविचार व्हावा असं मूळ आदेशातच म्हटलेलं आहे. आठ वर्षं झाली. पगार महागाईबरोबर वाढतो, म्हणजे घर श्रीमंत होत नाही, जेमतेम जिथल्या तिथे राहतं. पण मर्यादा गोठलेली असल्यामुळे एके दिवशी मुलगा कागदावर ‘क्रिमी’ होतो. अल्पसंख्याक मुलांच्या मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा योजना सुरू झाली तेव्हा वर्षाला एक लाख होती आणि पुढेही एक लाखच राहिली. पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ती शिष्यवृत्ती २०२२ मध्ये बंद झाली, तेव्हा आपण निषेध केला. पण त्याआधीची सगळी वर्षं ती हळूहळू बंद होतच होती. मर्यादा तीच, म्हणून पात्र घरं कमी. रक्कम तीच, म्हणून तिचा उपयोग कमी. त्याचा निषेध आपण केला नाही, कारण ते आपल्याला दिसलंच नाही.

आता १,५०० विरुद्ध २,१०० विरुद्ध ३,००० या वादाकडे परत येऊ. समजा महागाई वर्षाला सरासरी ५ टक्के राहिली. आज २,१०० दिले आणि तो आकडा तसाच ठेवला, तर सात वर्षांनी त्या २,१०० ची किंमत आजच्या १,५०० एवढी होईल. ७२ ला महागाईच्या दरानं भागलं, की किती वर्षांत पैशाची किंमत निम्मी होते ते कळतं. ७२ भागिले ५, म्हणजे सुमारे चौदा वर्षं. हा हिशोब मोबाईलवर एका मिनिटात होतो. तेव्हा आकडा किती, यापेक्षा आकडा कशाला बांधलाय, हा प्रश्न मोठा आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते रास्त आहेत. पहिला, पैसा कुठून आणायचा? ‘लाडकी बहीण’साठी पहिल्याच वर्षी ४६ हजार कोटींचा अंदाज सांगितला होता. राज्यावरचं कर्ज नऊ लाख कोटींच्या वर गेलं आहे. दरवर्षी वाढणारी रक्कम तिजोरीला झेपेल का? माझं उत्तर असं की झेपेल तेवढाच आकडा जाहीर करा, पण तो टिकवा. १,५०० झेपत असतील तर १,५०० म्हणा आणि निर्देशांकाला जोडा. मतदानाआधी ३,००० म्हणायचं आणि मग महागाईनं ते हळूहळू खाऊन टाकावं याची वाट बघायची, ही काटकसर नव्हे.

दुसरा आक्षेप, सगळंच निर्देशांकाला जोडलं तर महागाई आणखी वाढेल. मोठ्या पगारांच्या आणि करारांच्या बाबतीत अशी भीती अर्थतज्ज्ञ मांडतात. पण अब्बांच्या हजार रुपयांमुळे देशात महागाई भडकेल, हे कुणी मला हिशोबानं दाखवावं. आणि हे अशक्यही नाही. रोजगार हमीच्या मजुरीचे दर शेतमजुरांच्या निर्देशांकानुसार दरवर्षी बदलत आलेत. अमेरिकेत वृद्धांचं सामाजिक सुरक्षा पेन्शन १९७५ पासून आपोआप वाढतं.

खरं तर आपल्याला हे नवीन नाही. जकात कुणावर लागू होते? साडेसत्त्याऐंशी ग्रॅम सोनं किंवा सहाशे बारा ग्रॅम चांदी, इतक्या किमतीची मालमत्ता असेल त्याच्यावर. रुपयांचा आकडा कुठेही कोरलेला नाही. फित्रा किती? ठरावीक वजनाचं धान्य. म्हणून दर रमजानला मशिदीत नवा दर जाहीर होतो, गव्हाचा भाव बघून. गरिबाच्या ताटात पडणारं धान्य कमी होऊ नये, म्हणून हिशोब वस्तूत ठेवला आणि रुपये दरवर्षी बदलले. शेकडो वर्षं आपण हे करत आलोय. आणि त्याच समाजात बाईचा मेहेर मात्र आपण रुपयांत कोरला. याचा विचार आपण सरकारकडे बोट दाखवण्याआधी करायला हवा.

आता काय करायचं, ते तीन गोष्टींत सांगतो.

एक.  महापालिकेच्या आणि आणखीही निवडणुका पुढे येतील. दारात येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, आपल्या पक्षाच्या असो वा दुसऱ्या, एकच प्रश्न विचारा: ‘‘तुम्ही सांगता ती रक्कम पाच वर्षांनी किती असेल आणि ती कोण ठरवणार?’’ महापालिकेच्या हातात पेन्शन नाही, हे मला ठाऊक आहे. पण पक्ष तेच आहेत आणि प्रश्न वरपर्यंत जातो.

दोन. आपापल्या मोहल्ल्यातल्या दहा घरांत जा. कुठली पेन्शन, कुठली शिष्यवृत्ती, कुठली मर्यादा, ती कोणत्या वर्षी ठरली, हे लिहून काढा. वर्षं लिहिली की चित्र आपोआप दिसतं. ही यादी घेऊन आमदाराकडे जाऊ. आणि फक्त मुसलमान घरांत जाऊ नका. सूतगिरणीत अब्बांच्या शेजारी काम करणाऱ्या पद्मशाली काकांनाही तेच हजार रुपये मिळतात. १९७२ च्या दुष्काळात मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांनी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. वेगवेगळ्या पक्षांच्या बाया लाटणी आणि थाळ्या घेऊन एकत्र रस्त्यावर आल्या. आपल्या हातात लाटण्याऐवजी मोबाईल असेल, पण बाजूला उभं राहणारं माणूस तसंच सगळ्या घरांतलं हवं.

तीन. पुढच्या काही वर्षांत इथल्या बऱ्याच जणांचे निकाह होतील. मेहेर सोन्यात बांधा, ग्रॅम लिहा आणि शक्यतो त्याच दिवशी देऊन टाका. अनेक घरांत आजही असं करतात, त्यासाठी कुठल्या कायद्याची वाट बघावी लागत नाही. जे सरकारकडे मागतो ते आधी घरात करून दाखवू.

इथे येण्याआधी खालाला विचारलं, तुझ्याबद्दल सांगू का? ती म्हणाली, ‘‘बोल. पन इतनाच बोल की पैसा पूरा दिया था उन्होंने. झूठ नको बोल.’’

खरं आहे, पैसा पूर्ण दिला होता. म्हणूनच आज ही गोष्ट तुम्हाला सांगितली.